वासाचा पंचनामा

पंढरीला नोकरी लागली ती पायांच्या जोरावर आणि टिकली ती नाकाच्या. विसाव्या वर्षी तो सोलापूरकडून बोईसरला आला, तेव्हा एखाद्या कारखान्यात हेल्पर म्हणून चिकटू अशी त्याला आशा होती. कारखान्यांनी दारातूनच परत पाठवलं. ठेकेदाराने घेतलं, तेही चालायला. तारापूरच्या बाजूने निघून बोईसरच्या मागच्या अंगाने डोंगराकडे जाणारी विजेची मोठी लाईन आहे. तिच्याखालून रोज बारा-पंधरा किलोमीटर चालायचं, मान वर करून एकेक टॉवर बघायचा, कुठे झाडाची फांदी तारेच्या जवळ आली आहे का, कुठे तारेला धरून ठेवणारी चिनी मातीच्या थाळ्यांची माळ तडकली आहे का, ते वहीत लिहायचं आणि संध्याकाळी वही ऑफिसात ठेवायची. सव्वीस वर्षांत ठेकेदार चार बदलले, वह्या शेकड्याने भरल्या. त्या कुणी उघडल्याचं मात्र पंढरीला आठवत नव्हतं.

सतत वर बघून त्याची मान तशीच राहिली होती. नवखी माणसं त्याला गर्विष्ठ समजत. बायको रखमाबाई म्हणायची, "लग्नात मुंडावळ्यांतून यांनी मला बघितलं तेवढंच. त्यानंतर सगळं लक्ष वर."

पण खरं काम तो नाकाने आणि कानाने करायचा. कोरड्या दुपारी लाईन मुकी असते, हे त्याला ठाऊक होतं. सकाळचं धुकं उतरलं किंवा खाडीकडून दमट वारा आला की तीच लाईन बोलायला लागते, तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारावा तशी चरचर तडतड. सोबत एक वास येतो, झेरॉक्सच्या दुकानात यंत्राजवळ उभं राहिलं की येतो तसा. एकदा एका तरुण इंजिनिअरने त्याला समजावलं होतं की तारेत दाब इतका असतो की तिला लागून असलेली हवाच फुटते, त्यातून ओझोन नावाचा वायू तयार होतो, थोडासाच, आणि वाऱ्यावर विरून जातो. पंढरीला हे लगेच पटलं, कारण त्याच्या नाकाने ते दहा वर्षं आधी सांगितलं होतं.

त्याच्या नाकाला आणखीही एक गोष्ट कळली होती. किनाऱ्यावरच्या दांडी गावाकडच्या टॉवरच्या थाळ्यांवर समुद्राचं मीठ बसतं आणि बोईसरकडच्या थाळ्यांवर रंगीत भुकटी. लाईन हवेला जेवढी बिघडवते त्याच्या दसपट हवा लाईनला बिघडवते, असं त्याचं स्पष्ट मत होतं. मत लिहायला त्याच्या वहीत रकाना नव्हता.

माणसाला एखादी खोड असते तशी पंढरीला सहीची होती. तो नुसती सही करत नसे. नाव लिहायचा, वेळ लिहायचा आणि लाईन चालू आहे की बंद ते लिहायचा. मग कागद कसलाही असो. रेशनच्या अर्जावर त्याने "पंढरी, १०.१५, लाईन चालू" असं लिहिलं होतं. मुलीच्या, स्वराच्या, प्रगतिपुस्तकावर पालकांच्या सहीच्या जागी दर सहामाहीला हेच. वर्गशिक्षिकेने एकदा स्वराला विचारलं, "तुझे बाबा रेल्वेत आहेत का गं?" वर्ग हसला, स्वरा घरी येऊन रडली, आणि पंढरीने पुढच्या सहामाहीलाही तेच लिहिलं.

याच्यामागे जानू होता. जानू दांडीचा, पंढरीचा जोडीदार, टॉवरवर माकडासारखा चढणारा. दहा वर्षांपूर्वी एका सकाळी त्याच्या हातात कागद आला, "लाईन बंद" असा, खाली सही. सही करणाऱ्याने लाईन बघितली नव्हती, फोन केला नव्हता, कुणीतरी सांगितलं म्हणून लिहून टाकलं होतं. जानू वर चढला. पुढचं पंढरी कुणाला सांगत नसे. त्या दिवसापासून आपण स्वतः खात्री केल्याशिवाय चालू-बंद लिहायचं नाही, आणि ते लिहिल्याशिवाय सही करायची नाही, हे त्याने स्वतःला लावून घेतलं. लोक हसायचे, त्याला फरक पडत नव्हता.

तर लाईनच्या कडेला, नियमाला लागतं त्यापेक्षा चार पावलं लांब, शेवगापाडा आहे. पंचवीसेक घरं, पावसावरची भातशेती, एक हातपंप आणि एक अंगणवाडी. अंगणवाडीच्या सेविकेची जागा दोन वर्षं रिकामी, त्यामुळे मदतनीस जिवलीच सगळं बघायची. खिचडी तीच शिजवायची, गाणी तीच म्हणायची, वजनं तीच करायची आणि वर कागदही तीच भरायची. पंढरी रोज अकराच्या सुमारास तिथे पाणी प्यायला थांबायचा. मुलं त्याच्यासारखी मान वर करून चालून दाखवायची, आणि तो रागावल्याचं नाटक करायचा.

पाड्याच्या पलीकडे अर्ध्या किलोमीटरवर 'आरोग्यदीप केमिकल्स' नावाचा कारखाना होता. नाव ठेवणाऱ्याची विनोदबुद्धी दाद देण्यासारखी. भिंतीवर हिरव्या रंगात झाडं काढली होती, कारण खरी झाडं त्या भिंतीजवळ जगत नव्हती. दिवाळीनंतर तिथून एक वास यायला लागला, कुजलेला कांदा आणि नेलपॉलिश एकत्र केल्यासारखा. मुलांचे डोळे चुरचुरायला लागले, खोकला हटेना. जिवलीने अर्ज केला: "लाईनच्या बाजूच्या अंगणवाडीत उग्र वास येतो, मुलांना त्रास होतो, चौकशी व्हावी."

आता जिवलीने लाईन लिहिली होती ती पत्ता म्हणून. पाड्याला दुसरी खूण नाही. पण अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला, दुसऱ्यावरून तिसऱ्या, आणि प्रत्येक टेबलाने विषय थोडा आखडता घेतला. चौथ्या टेबलावर तो "लाईनच्या बाजूने येणारा वास" झाला आणि सहाव्यावर "लाईनचा वास". सातव्या टेबलावर समिती नेमली गेली: उच्चदाब वाहिनीचा सभोवतालच्या हवेवरील परिणाम तपासणी समिती. नावच इतकं लांब होतं की जीपच्या काचेवर मावलं नाही.

कारखान्याला हे कळलं आणि त्याला मुलांबद्दल एकदम पान्हा फुटला. पर्यावरण अधिकारी सुजित लॅपटॉप घेऊन पाड्यावर आला. लाईनपासून चिमुकल्यांचं रक्षण व्हावं म्हणून कंपनी नवी कोरी अंगणवाडी बांधून देणार होती, टाइल्सची, रंगीत घसरगुंडीची. जागाही कंपनीचीच. अगदी भिंतीला लागून, कारखान्याच्या सांडपाण्याचा नाला आणि तिरकं धुरांडं यांच्या मधोमध. समितीने एकदा लिहून दिलं की वास लाईनचा, की मुलं तिकडे हलणार.

जिवलीने पंढरीला पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "पंढरीदादा, तुमी खरं सांगा. लाईनीचा वास हाय का हा?"

"न्हाई. लाईनचा वास धुक्यात येतो, तोही चरचरीसोबत. हा भर दुपारी येतो, लाईन मुकी असताना. आणि वारा कुठनं आहे बघ की."

"मंग तिथं भिंतीला चिकटून पोरं बसवली, तं काय व्हईल?"

पंढरीने त्या तिरक्या धुरांड्याकडे बघितलं. त्याच्या मांडीवर बसलेली सपना, जिवलीची चार वर्षांची नात, तेवढ्यात खोकली. तिचा खोकला थांबेपर्यंत तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

समितीची तारीख तीनदा पुढे गेली. एकदा अध्यक्षांकडे लग्न, एकदा जीप नाही, एकदा धुकं होतं म्हणून. हवा तपासायला धुक्यात यावं लागतं, असं पंढरीने ऑफिसात सुचवून बघितलं होतं. कारकून म्हणाला, "साहेब लोकांना सर्दी होते." शेवटी संक्रांतीनंतरचा एक गुरुवार ठरला, सकाळी अकरा वाजता.

त्याच गुरुवारी दांडीकडच्या थाळ्यांवरचं मीठ पुसायचं होतं. त्यासाठी सकाळी साडेसात ते संध्याकाळी पाच सगळी लाईन बंद राहणार होती. तसं पत्र समितीलाही गेलं होतं, पोच मिळाली होती, आणि ते समितीच्या फाईलीत तिसऱ्या पानावर सुखाने पडून होतं. ऑफिसातली सगळी माणसं दांडीला गेली. समितीसोबत उभं राहायला कुणीतरी हवं म्हणून पंढरीला पाठवलं. तो आठ वाजता पाड्यावर पोचला, आधी फोन लावून लाईन बंद झाल्याची आणि दोन्ही टोकांना जमिनीशी जोडल्याची खात्री करून घेतली, मग वहीत वेळ लिहिली.

जिवली दारातच म्हणाली, "आज लाईन गप हाय. येवढं धुकं व्हतं, पन बोलली नाय."

"बंद आहे," पंढरी म्हणाला.

साडेअकराला जीप आली. अध्यक्षसाहेब उतरले, मागून हवेची यंत्रं सांभाळत ज्ञानेश्वरी नावाची तरुण तंत्रज्ञ उतरली आणि शेवटी फाईल घेऊन समितीचा लेखनिक. सुजित आधीच येऊन नारळपाणी घेऊन उभा होता. वाराही कारखान्याकडून होता आणि त्या दिवशी वासाने कमाल केली होती.

पंढरी पुढे झाला. "साहेब, लाईनचं एक सांगायचं होतं."

"लाईनचंच बघायला आलोय ना? शेवटी बोला."

अध्यक्षसाहेब तारांच्या बरोबर खाली जाऊन उभे राहिले. डोळे मिटून त्यांनी श्वास ओढला आणि रुमाल नाकाला लावला. "बापरे! काय वास आहे हा! लाईनच्या खाली आलो आणि एकदम जाणवला."

"सर, जीपमधून उतरल्यापासूनच येतोय," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"तेव्हा आपण लाईनच्या दिशेनेच येत होतो."

सुजितने कान टवकारले. "ऐका सर, गुणगुण. सारखी चालू असते बिचाऱ्या मुलांच्या डोक्यावर." गुणगुण होती खरी. कारखान्याचा मोठा पंखा लागला होता.

"साहेब, ती गुणगुण..." पंढरी म्हणाला.

"तुम्ही त्यांच्या ऑफिसचे ना? तुम्ही लाईनची बाजू घेणारच." साहेबांनी हात पुढे केला. "हे बघा, केस उभे राहिले हातावरचे. विजेचा परिणाम. लिहून घ्या." जानेवारीचा गार वारा सुटला होता आणि साहेब स्वेटर विसरून अर्ध्या बाह्यांच्या शर्टात आले होते, हे लिहून घेणाऱ्याला कोण सांगणार?

ज्ञानेश्वरी यंत्रांवर वाकली होती. "सर, ओझोन काहीच वेगळं नाही, इतर ठिकाणी असतं तेवढंच. पण हे दुसरं मीटर खूप वर जातंय. रसायनांच्या वाफांचं."

"आपल्या समितीचा विषय लाईन आहे. दुसरं मीटर आणलंच कशाला?"

"किटमध्ये दोन्ही येतात सर."

"मग ते किटमध्येच ठेवा." असं म्हणून साहेबांनी तिला ओझोनचं रीडिंग नोंदवायला सांगितलं, फक्त 'काहीच नाही' ऐवजी 'सूक्ष्म परंतु विचारणीय' असे शब्द घालायला लावले. पंढरीने तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तेव्हा त्यांनी नुसता हात वर केला.

मग पंचनामा झाला. आपल्याकडे चोरीचा, अपघाताचा, पडलेल्या घराचा पंचनामा होतो. शेवगापाड्यावर वासाचा झाला. अंगणवाडीची सतरंजी आणली, तिच्यावर बसून साहेबांनी सांगितलं आणि लिहिणाऱ्याने लिहिलं: "आम्ही पंच खाली सही करणार असे लिहून देतो की, सदर वाहिनीखाली समक्ष उभे राहिले असता नाकास उग्र दर्प व कानास गुणगुण जाणवली, तसेच अध्यक्षांच्या हातावरील केस उभे राहिल्याचे प्रत्यक्ष पाहिले. दूर गेल्यावर त्रास कमी वाटला. सबब सदर दर्प वाहिनीचाच होय." दूर म्हणजे जीपमध्ये, काचा लावून.

पंच दोन हवे होते. एक कारखान्याचा वॉचमन झाला. त्याने वाचायचीही तसदी घेतली नाही. दुसरा पंढरी. "लाईनच्याच ऑफिसचा माणूस पंच असला की प्रश्नच मिटला," सुजित हसून म्हणाला.

पंढरीच्या हातात पेन आलं. समोर दारात जिवली उभी होती, तिच्या मागे मुलं. मार्चमध्ये ठेका बदलणार होता, आणि नवा ठेकेदार कुणाला ठेवणार हे अशाच साहेबांच्या एका फोनवर ठरायचं. पंढरीला हे सगळं कळत होतं. बोलायला तीन वेळा गेलो, तिन्ही वेळा गप केलं, आता सही करून मोकळं व्हावं, असंही क्षणभर मनात आलं. त्याने कागदावर पेन टेकवलं आणि हाताने गेल्या दहा वर्षांचं वळण गिरवलं. "पंढरी, १२.४०, लाईन बंद."

साहेबांनी कागद न बघता फाईलीत घालायला दिला. ज्ञानेश्वरीने बघितला. ती थांबली आणि मोठ्याने म्हणाली, "सर, यांनी लाईन बंद असं लिहिलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे बंद आहे साहेब," पंढरी म्हणाला. "सकाळी साडेसातपासून. दांडीला माणसं वर चढून थाळ्या पुसतायत. पाचला चालू होईल. पत्र आहे तुमच्या फाईलीत."

सगळ्यांनी एकदम वर बघितलं. तारा निळ्या आभाळात निमूट लोंबत होत्या. अध्यक्षसाहेब तारांकडे अशा नजरेने बघत राहिले, की जणू तारांनीच समितीला फसवलं होतं. सुजितच्या हातातलं नारळपाणी तसंच राहिलं. जिवली पदर तोंडाला लावून हसली. बंद लाईनखाली तो कुजलेल्या कांद्याचा वास मात्र जसाच्या तसा होता. सगळी माणसं तो श्वासात ओढत उभी होती.

"आधी सांगायचं नाही का?" साहेब कडाडले.

"तीनदा सांगायला आलो."

साहेबांनी घसा खाकरला आणि आवाज मऊ केला. "पंढरी, हे बघा, पंचांनी फक्त सही करायची असते. तपशील लिहायचा नसतो. तेवढे दोन शब्द खोडा."

"न्हाई साहेब."

"अहो, दोन शब्द!"

"आमच्या जानूच्या कागदावरही दोनच शब्द होते," पंढरी म्हणाला. "न बघता लिहिलेले. त्याला खाली उतरवायला मी होतो. मी बघून लिहिलंय. ते खोडायचं न्हाई."

त्या दिवशी सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्याची मान सरळ झाली, समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघायला. साहेबांनी फाईल मिटली आणि समिती जेवायला गेली. जेवण कारखान्यातच होतं, ए.सी. हॉलमध्ये.

दोन महिन्यांनी अहवाल आला. समितीने पंढरीच्या दोन शब्दांचा मान राखला होता, हे कबूल केलं पाहिजे. त्यात लिहिलं होतं: "वाहिनी बंद असतानाही तिचा हवेवरील परिणाम टिकून राहत असल्याचे निदर्शनास आले. ही बाब अधिकच गंभीर असून अंगणवाडी तात्काळ स्थलांतरित करावी." दुसऱ्या मीटरचा उल्लेख कुठेच नव्हता. कारखान्याच्या भिंतीला लागून नवी इमारत उभी राहिली, फीत कापली, फोटो निघाले. एप्रिलपासून पंढरीची लाईन बदलली आणि त्याला मनोरकडे चालायला लावलं.

पण त्या गुरुवारची गोष्ट शेवगापाड्यात घरोघर गेली होती. स्थलांतराच्या दिवशी एकाही आईने पोर नव्या इमारतीत पाठवलं नाही. गाडी आली, रिकामी गेली. जिवलीने जुन्याच खोलीत खिचडी शिजवली. आता त्या टाइल्सच्या इमारतीत कारखान्याच्या लोकांच्या स्कूटर उभ्या असतात, आणि घसरगुंडीवर वॉचमन कपडे वाळत घालतो.

वास गेला नाही. तो रोज येतच राहिला.

मे महिन्यात सुट्टीच्या दिवशी पंढरी पाड्यावर आला. जिवलीने पाणी दिलं आणि हजेरीची वही त्याच्यापुढे ठेवली. मुलांची नावं, हजर-गैरहजर, वजनं, आणि शेवटी 'शेरा' नावाचा रकाना, जो सगळ्या सरकारी वह्यांत रिकामा असतो. जिवलीचा रिकामा नव्हता. एप्रिलच्या एक तारखेपासून प्रत्येक दिवशी तिने जपून, गोल अक्षरात लिहिलं होतं: "जिवली, ९.४०, लाईन गप, वास हाय, चार पोरं खोकतात." खाली पुन्हा तसंच. पुढच्या पानावर तसंच. एका दिवशी "लाईन बोलते, वास नाय, कोनी खोकत नाय" असं होतं, त्या दिवशी वारा उलटा होता. एप्रिलच्या पानांची एक प्रत ज्ञानेश्वरी तिच्याकडून घेऊन गेली होती; कुठे पाठवली, ते जिवलीला माहीत नव्हतं.

"पंच लागतो म्हनं," जिवली म्हणाली. "तुमी करा सही."

पंढरीने पेन घेतलं. आधी मान वर करून लाईनकडे बघितलं, फोन लावून खात्री केली, मग कारखान्याकडे तोंड करून सावकाश श्वास घेतला. त्याने लिहिलं, "पंढरी, ११.२०, लाईन चालू, वास आहे." लिहून झाल्यावर सपना त्याच्या मांडीवर येऊन बसली आणि खोकली. त्याने पेन पुन्हा उघडलं आणि जिवलीच्या त्या दिवसाच्या ओळीत चाराच्या जागी पाच केलं.